झेलणारे हात

आमच्याकडे बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवर रंध्यावर किसला जाणारा, नाहीतर मासळीबाजारात भुशात गुंडाळून येणारा. या बर्फावर माणसे नाचतात, त्या नाचाला गुण देतात आणि त्या गुणांवरून भांडणे होतात, हे मला शाळकरी वयात शेजाऱ्यांच्या कृष्णधवल दूरदर्शन संचावर कळले. रविवारच्या कुठल्या तरी कार्यक्रमात चार-पाच मिनिटे ते दृश्य दिसले होते. एका पुरुषाने एका मुलीला डोक्यावर उचलले, तसाच तो वेगाने घसरत गेला आणि तिला अलगद खाली ठेवून दोघेही काही घडलेच नाही अशा थाटात पुढे निघून गेली. शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "अगोबाई, पडली असती म्हणजे?" या कलेचे रसग्रहण करू पाहणाऱ्याने काकूंचा तो प्रश्न कधी विसरू नये, असे मला आज वाटते.

फिगर स्केटिंगचे अनेक प्रकार आहेत. एकट्याचे असते, जोडीचे असते आणि 'आइस डान्स' नावाचे तिसरेही असते. मी लिहितो आहे ते जोडीच्या स्केटिंगबद्दल, म्हणजे 'पेअर्स'बद्दल. यात स्त्रीला उचलतात, फिरवतात, फेकतात. 'थ्रो' या प्रकारात पुरुष तिला हवेत दूर फेकतो, ती तीन गिरक्या घेऊन एका पायावर, एका पात्याच्या कडेवर उतरते. 'ट्विस्ट'मध्ये तो तिला सरळ वर भिरकावतो, ती हवेत आडवी फिरते आणि तो तिला कमरेपाशी झेलतो. स्पर्धा दोन दिवसांची. पहिल्या दिवशी छोटी रचना, दुसऱ्या दिवशी मोठी. आपल्या मैफलीच्या भाषेत सांगायचे तर छोटा ख्याल आधी आणि बडा ख्याल नंतर, असा उलटा क्रम.

या प्रकारात गेल्या पंचवीस वर्षांत मला सर्वांत मोठी वाटलेली कलावती म्हणजे आल्योना सावचेंको. जन्माने युक्रेनियन, पण पदके जर्मनीच्या नावावर. रोमन लिपीत तिचे नाव दोन तऱ्हांनी लिहिले जात असे. आपल्या देवनागरीत तो घोळ नाही, जसे म्हणायचे तसे लिहायचे. लिपीचा एवढा अभिमान मराठीच्या मास्तराला माफ असावा.

मी लिहायला बसलो त्याला मात्र एक निमित्त आहे, आणि ते आमच्या स्टाफरूममधले आहे.

२०१८ च्या फेब्रुवारीत दक्षिण कोरियातल्या प्योंगचांग येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये सावचेंको आणि तिचा जोडीदार ब्रूनो मासो यांनी जर्मनीला सुवर्णपदक मिळवून दिले. या प्रकारात १९५२ नंतर जर्मनीला सुवर्ण मिळालेच नव्हते. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. मधल्या सुट्टीत चहा घेताना मी त्या वाचून दाखवल्या आणि थोडी माहितीही पुरवली की ही बाई युक्रेनची, हा गडी फ्रान्सचा, आणि त्याला जर्मन नागरिकत्व ऑलिंपिकच्या जेमतेम तीन महिने आधी मिळाले. आमचे क्रीडाशिक्षक कप खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे भाडोत्रीच की सर! जर्मनीचं त्यात काय?" मी म्हणालो, "त्याला त्यासाठी जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागली. नापासही झाला होता." त्यावर सगळी स्टाफरूम हसली. कन्नड विषयाच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. का पाहिले ते पुढे येईलच.

'भाडोत्री' हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. क्रीडाशिक्षकांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. खेळात पैसा आहे, देशांना पदके हवी असतात आणि खेळाडूंना देश. पण ते म्हणणे बरोबर की चूक हे पासपोर्ट पाहून ठरवायचे, की बर्फावर जे घडले ते पाहून? समीक्षकाने दुसरा मार्ग धरावा असे मला वाटते, आणि तो धरायचा तर तिची कारकीर्द पहिल्यापासून पाहिली पाहिजे.

आल्योनाचा जन्म १९ जानेवारी १९८४ चा, कीव्हजवळच्या ओबुखिव्ह गावचा. (ती महिन्याचीही झाली नव्हती तेव्हा सारायेव्हो ऑलिंपिकमध्ये जेन टॉर्व्हिल आणि ख्रिस्तोफर डीन या इंग्रज जोडीने राव्हेलच्या 'बोलेरो'वर आइस डान्सचा इतिहास घडवला. त्यातले डीन पूर्वी नॉटिंगहॅममध्ये पोलीस शिपाई होते. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे.) २००० साली स्तानिस्लाव मोरोझोव्हसोबत ती ज्युनियर जगज्जेती झाली. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये याच जोडीचा क्रमांक पंधरावा लागला. ती स्पर्धा पंधराव्या क्रमांकासाठी अर्थातच कोणाच्या लक्षात नाही. पहिल्या क्रमांकावरून तिथे पंचांच्या साटेलोट्याचा एवढा गदारोळ झाला की अखेर रशियन आणि कॅनेडियन अशा दोन जोड्यांना सुवर्णपदके द्यावी लागली. सहा गुणांपैकी गुण देण्याची जुनी पद्धत त्यापायी मोडीत निघाली आणि २००४ पासून नवी पद्धत रूढ झाली. तिच्यात प्रत्येक उडीला, प्रत्येक गिरकीला वेगळी किंमत आणि ती कशी केली त्याचे अधिक-उणे वेगळे.

ही नवी पद्धत म्हणजे आपल्या शाळांतल्या प्रश्नपेढीसारखी आहे. एका ओळीच्या उत्तराला किती गुण, टीपेला किती, हे आधीच छापलेले. पक्षपात कमी होतो हे खरे, पण निबंध लिहिणाऱ्याची पंचाईत होते. सावचेंकोची जवळजवळ सगळी प्रौढ कारकीर्द या पद्धतीखाली गेली. तिचे मोल करताना ही चौकट विसरून चालणार नाही.

मोरोझोव्हसोबतची जोडी मोडल्यावर २००३ मध्ये ती जर्मनीतल्या केम्निट्झ शहरात आली. वय एकोणीस. तिथे इंगो श्टॉयर हे प्रशिक्षक होते आणि रॉबिन शोल्कोवी हा जोडीदार मिळाला. शोल्कोवीचे वडील टांझानियाचे आणि आई जर्मन. तो पूर्व जर्मनीत वाढलेला. आल्योनाला जर्मन नागरिकत्व मिळाले ते २००५ च्या डिसेंबरअखेर, आणि लगेच २००६ च्या फेब्रुवारीत तूरिन ऑलिंपिक. तिथे सहावा क्रमांक. त्याच सुमारास श्टॉयर हे पूर्व जर्मनीच्या काळात तिथल्या गुप्तचर खात्याचे खबरे होते हे उघडकीस आले. त्यांना संघातून वगळण्याचा प्रयत्न झाला, ते न्यायालयात गेले आणि तूरिनला पोहोचले. पुढे कित्येक वर्षे सरकारी मदतीच्या बाबतीत त्यांच्या शिष्यांना त्याची झळ बसत राहिली. सावचेंकोने त्यांना सोडले नाही. हे निष्ठेचे लक्षण मानायचे की डोळेझाकीचे, यावर मी निवाडा देणार नाही. शिष्याने गुरूच्या भूतकाळाचे काय करावे हा प्रश्न आपल्या संगीतातही कोणाला सुटलेला नाही.

या दोघांनी २००८, २००९, २०११, २०१२ आणि २०१४ अशी पाच वेळा जागतिक अजिंक्यपदे मिळवली, आणि २०१० च्या व्हँकूव्हर व २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये कांस्य. पदकांची यादी इथेच संपवतो. प्रश्न आहे तो या काळातल्या कलेचा.

श्टॉयर यांची प्रतिभा कल्पक होती. उचलण्याच्या नव्या तऱ्हा, अनपेक्षित संगीत, विनोदही. 'पिंक पँथर'वरची त्यांची रचना पाहताना हसू येते, आणि बर्फावर खरे हसू आणणे किती अवघड! शोल्कोवीचा ताल नेमका. दोघे शेजारी-शेजारी फिरू लागली की एकाच कळीने दोन भोवरे सोडावेत तशी फिरत. पण मला या काळातल्या कामात एक गोष्ट नेहमी खटकत आली. २००९ मध्ये लॉस एंजेलिसला त्यांनी ज्या रचनेवर जागतिक विजेतेपद राखले ती 'शिंडलर्स लिस्ट' या चित्रपटाच्या संगीतावरची होती. जर्मनीच्या झेंड्याखाली, युक्रेनमध्ये जन्मलेली मुलगी आणि आफ्रिकी पित्याचा जर्मन मुलगा ज्यूंच्या संहाराच्या संगीतावर नाचतात, ही कल्पनाच थरारक आहे. प्रत्यक्षात काय होते? शोकाची ओळ सुरू असते आणि गुणपत्रिकेला तिहेरी उडी हवी असते. उडी साधते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. पुन्हा शोक, पुन्हा गिरकी, पुन्हा टाळ्या. ज्या घरात कोणी गेले आहे तिथे दर मिनिटाला कोणी तरी शाबासकी देतो आहे असे काहीसे. संगीताने आणलेले वजन देहांनी पेलले नव्हते, ते उसने होते. नाट्यसंगीताच्या ऱ्हासकाळात प्रसंग विसरून तानांवर 'वन्स मोअर' मिळवणारे नट असत. हा तोच दोष आहे, केवळ उणे तापमानातला.

पीना बाउश या जर्मन नृत्यरचनाकर्तीवर विम वेंडर्स यांनी काढलेल्या 'पीना' चित्रपटाच्या संगीतावरची २०१२ ची रचना मला या काळातली सर्वांत श्रेष्ठ वाटते. तिथे गोष्ट सांगण्याचा आग्रह नाही, देहाला देहासारखे वागू दिले आहे. नीस येथे त्या रचनेवर ते अवघ्या ०.११ गुणाने जिंकले. पण दोनच वर्षांनी सोचीला मोठ्या रचनेसाठी निवडले काय, तर 'नटक्रॅकर'! तिशीला आलेली प्रगल्भ कलावती आणि तिला नाताळातल्या परीकथेची पात्रे. शोल्कोवी एका उडीत पडला. अगदी शेवटी सावचेंकोचा जुना ध्यास होता तो 'थ्रो ट्रिपल अॅक्सेल', म्हणजे पुढे तोंड करून उडून हवेत साडेतीन गिरक्या. त्यात तीही पडली. सुवर्ण गेले तातियाना वोलोसोझारकडे. तीही युक्रेनचीच, मोरोझोव्हची आल्योनानंतरची जोडीदार, आणि आता खेळत होती रशियाकडून. सीमा ओलांडणारी आल्योना एकटीच होती असे कोणी समजू नये.

सोचीतल्या त्या शेवटच्या पडण्याकडे मी पुष्कळदा पाहिले आहे. साडेचार मिनिटांनंतर, दम संपल्यावर, जिंकण्याची आशा मावळल्यावर ती त्या उडीला का गेली असेल? व्यवहार सांगतो की सोपे करावे आणि जे मिळते ते घ्यावे. तिने तसे केले नाही. माझ्या मते या हट्टात तिचा सगळा दोष आहे आणि सगळा मोठेपणाही आहे. सोचीनंतर थोड्याच आठवड्यांत ही जोडी पाचव्यांदा जगज्जेती झाली आणि शोल्कोवी थांबला. सगळ्यांना वाटले, तीही थांबेल. तीस वर्षांची होती.

ती थांबली नाही. तिने नवा जोडीदार निवडला. पाच वर्षांनी लहान, उंच, धिप्पाड ब्रूनो मासो, फ्रान्समधल्या कां शहराचा. त्याच्या नावावर मोठे असे काही नव्हते. फ्रेंच संघटना त्याला सोडीना. अडवणूक २०१५ च्या शरदापर्यंत चालली, एक अख्खा हंगाम स्पर्धेविना गेला. जागतिक स्पर्धांना दोघांपैकी एकाचे नागरिकत्व चालते, ऑलिंपिकला दोघांचेही लागते. म्हणून त्याला जर्मन व्हायचे होते, आणि जर्मन व्हायला जर्मन भाषेची परीक्षा. मोठमोठ्या उंचीवर बाईमाणसाला झेलणारा हा गडी त्या परीक्षेत अडखळला, एकदाच नव्हे. नागरिकत्व हाती आले ते २०१७ च्या नोव्हेंबरात.

आता कन्नडच्या बाईंनी माझ्याकडे का पाहिले ते सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मलाही कन्नडची एक परीक्षा द्यावी लागली होती. आमच्या गल्लीत निम्मी घरे कन्नड. लहानपणापासून मी त्या भाषेत गोट्या खेळलो, भांडलो, 'एष्टु?' म्हणत बाजार केला. परीक्षेत म्हणे रजेचा अर्ज लिहा, उताऱ्याचा सारांश लिहा. मी नापास झालो. मराठीचा एम.ए., आणि कन्नडमध्ये अर्ज लिहिता येईना! दुसऱ्या खेपेला याच बाईंनी, तेव्हा त्या नुकत्याच लागल्या होत्या, रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास मला गिरवून घेतले, आणि मी काठावर उत्तीर्ण झालो. दोष परीक्षेचा नव्हता. तोंडात असलेली भाषा आणि कागदावरची भाषा यांच्यामधले अंतर मी मोजले नव्हते. आज मी कन्नड वर्तमानपत्र रोज वाचतो, पण कन्नडमध्ये बोलायला लागलो की पहिल्या वाक्यातच ऐकणारा ओळखतो, हा मराठी. त्यात मला कमीपणा वाटत नाही. माझी कन्नड ही माझ्या मराठीच्या अंगाने चालणारी कन्नड आहे.

जोडीच्या स्केटिंगच्या समीक्षेत एक वाक्प्रचार पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे, दोन देह आणि एक आत्मा. १९६४ आणि १९६८ ची सुवर्णपदके जिंकणारे ल्युदमिला बेलोउसोवा आणि ओलेग प्रोतोपोपोव्ह हे सोव्हिएत दांपत्य या आदर्शाचे कुलदैवत. (त्यांनीही १९७९ मध्ये देश सोडून स्वित्झर्लंडचा आसरा घेतला.) रेषा सारख्या, हातांचे कोन सारखे, श्वासही सारखा. शोल्कोवी-सावचेंको ही जोडी याच घराण्यातली. तिच्याकडे पाहताना समोर आरसा ठेवल्यासारखे वाटे. या फूटपट्टीने मोजले तर मासोसोबतची सावचेंको उणी पडेल. त्याचे खांदे रुंद, हात लांब, चाल जड. ती ठेंगणी, विजेसारखी. दोघांच्या रेषा जुळूच शकत नाहीत. समीक्षकाने इथे फूटपट्टीच तपासून पाहावी, असे माझे म्हणणे आहे.

प्योंगचांगची मोठी रचना ख्रिस्तोफर डीन यांनी बांधली, तेच ते माजी पोलीस शिपाई. संगीत आर्मां आमार यांचे, आकाशातून दिसणाऱ्या पृथ्वीवरच्या एका फ्रेंच चित्रपटातले. म्हणजे संगीत आणि जोडीदार फ्रान्सचे, रचनाकार इंग्रज, प्रशिक्षक अलेक्झांडर केनिग जर्मन, सराव बव्हेरियातल्या ओबेर्स्टडॉर्फला, आणि मध्यभागी ओबुखिव्हची बाई. कागदावर ही खिचडी वाटेल. बर्फावर तसे दिसत नाही.

आदल्या दिवशीच्या छोट्या रचनेत मासोची चूक झाली. तीन गिरक्यांच्या उडीत त्याने दोनच घेतल्या. ७६.५९ गुण, चौथा क्रमांक, पहिल्या असलेल्या सुई वेनजिंग आणि हान त्सोंग या चिनी जोडीपेक्षा ५.८० गुणांनी मागे. पाचवे ऑलिंपिक, चौतीस वर्षांचे वय, आणि चूक तिची नाही, त्याची. अशा रात्री जोडीदार एकमेकांशी काय बोलत असतील याची कल्पना ज्याने एकदाही दुसऱ्याच्या चुकीने सामना हरला आहे त्याला येईल.

दुसऱ्या दिवशीच्या रचनेत मला सर्वांत प्रथम जाणवली ती अभिनयाची अनुपस्थिती. इथे कोणी प्रियकर नाही, कोणी परी नाही, कोणाचा शोक नाही. संगीत हळूहळू वर चढत जाते आणि त्याबरोबर दोन माणसे हळूहळू जागा व्यापत जातात. डीन मूळचे आइस डान्सचे. त्या प्रकारात खांद्यावरून उचलणे, फेकणे निषिद्ध, त्यामुळे दोन करामतींच्या मधल्या जागेत काय भरायचे हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? शिंडलरच्या रचनेत करामत आली की आशय थांबत असे. इथे करामत कधी सुरू झाली हे कळायच्या आत ती होऊन गेलेली असते. ट्विस्टमध्ये ती एवढ्या उंच जाते की क्षणभर खालचा माणूस तिचा कोणी लागत नाही असे वाटते. मग हात येतात.

हे हात पाहावेत. जोडीच्या स्केटिंगमध्ये प्रेक्षकांचे डोळे बाईवर खिळलेले असतात आणि पुरुष हा जणू उभा केलेला खांब. मी ही रचना एकदा केवळ मासोकडे पाहत पाहिली. तो तिला फेकतो आणि फेकल्याक्षणी तिच्या उतरण्याच्या दिशेने वळतो. उचलून धरलेली असताना ती वर हात बदलते, तोल बदलते, आणि खाली त्याची पावले वेगळ्याच लयीत चालू असतात. तो तिची नक्कल करत नाही. ती जे म्हणते त्याला तो आपल्या सुरात उत्तर देतो, जाडसर, थोडे उशिरा, पण नेमके. आरशाला उत्तर देता येत नाही, जोडीदाराला येते. शोल्कोवीसोबतच्या कामात जे मला कधी मिळाले नव्हते ते इथे मिळाले. दोन वेगळी माणसे वेगळीच राहून एक वाक्य पुरे करतात आणि प्रत्येकाचा हेल ऐकू येतो. जुगलबंदीत दोन्ही वादकांनी एकच वाद्य घेतले तर मजा काय?

आणि तो जुना हट्ट? 'थ्रो ट्रिपल अॅक्सेल' या रचनेत नाही. मासोसोबतही तिने तो पुष्कळ घोटला होता, २०१६ मध्ये त्यातच तिच्या घोट्याचे अस्थिबंध फाटले. प्योंगचांगला तिने त्याऐवजी सोप्या फेकी ठेवल्या आणि त्या निर्दोष केल्या. कित्येक रसिकांना हा व्यवहारी शहाणपणा वाटला. मला वाटत नाही. एकटीच्या हट्टाची जागा दोघांना पेलेल अशा गोष्टीने घेतली, एवढेच मला त्यात दिसते. सोचीत जे तिला जमले नाही ते हेच होते.

दोष नाहीत असे नाही. संगीताचा चढ थोडा अपेक्षित आहे. शेवटच्या मिनिटात ते भव्यतेच्या फार जवळ जाते आणि ऐकणाऱ्याचा हात धरून त्याला उंचावर नेऊ पाहते. अलीकडच्या जाहिरातींच्या संगीताची आठवण होते. जोडी साधारण असती तर याच संगीताने ती बुडाली असती.

रचना संपली तेव्हा ती बर्फावरच कोसळून रडू लागली. मोठ्या रचनेचे १५९.३१ गुण, तोवरचा विक्रम. पण अजून पुढे असलेल्या जोड्या उतरायच्या होत्या, तेव्हा बसून वाट पाहणे आले. शेवटी एकूण २३५.९० विरुद्ध २३५.४७. सुई आणि हान ०.४३ ने मागे राहिली. सोळा वर्षांपूर्वी पंधरावी आलेली मुलगी पाचव्या खेपेला पहिली आली.

तर मग भाडोत्री का? आमच्या क्रीडाशिक्षकांना मी एवढेच विचारले की सुळेभावीचा एक कन्नड मुलगा देवासला जाऊन माळव्याची लोकगीते गाऊ लागला, त्या कुमार गंधर्वांना आपण कोणाचे म्हणायचे? गदगचे भीमसेन जोशी मराठी अभंग गाताना त्यांचे एखादे अक्षर कानडी वळणाने येई, म्हणून वारकऱ्यांनी कान झाकले का? ते म्हणाले, "सर, गाणं वेगळं आणि खेळ वेगळा. गाण्याला झेंडा नसतो." हे उत्तर मला अजून परतवता आलेले नाही. झेंड्याखाली गायची वेळ आली असती तर कुमारांचे काय झाले असते, मला सांगता येत नाही. मासोला मात्र आधी झेंड्याची परीक्षा आणि मग कलेची, अशा दोन्ही द्याव्या लागल्या, आणि दोन्हींत तो एकदा तरी चुकला.

मार्च २०१८ मध्ये मिलानच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी हीच रचना पुन्हा सादर केली. या वेळी १६२.८६ गुण, स्वतःचाच विक्रम मोडून. प्योंगचांगला भीती होती, मिलानला नाही, आणि भीती गेल्यावर रचना किती मोकळी होते हे पाहायचे तर ती फीत पाहावी. त्यानंतर ही जोडी स्पर्धेत उतरली नाही. तो पुढे प्रशिक्षक झाला.

मागच्या पावसाळ्यात एकदा मैदानावर चिखल झाल्याने खेळाचा तास वर्गात घ्यावा लागला. क्रीडाशिक्षक माझ्या खोलीत आले आणि म्हणाले, "सर, ती तुमची बर्फावरची फीत आहे का? पोरांना दाखवतो." नववीच्या वर्गात, मराठी-कन्नड दोन्ही घरांतली पोरे दाटीवाटीने बसली होती. मी मागे उभा राहिलो. ट्विस्टमध्ये ती वर गेली तेव्हा पहिल्या बाकावरच्या एका मुलीने दोन्ही हात तोंडावर नेले आणि म्हणाली, "अय्यो, बिद्दळु!" पडली!

पडली नव्हती. क्रीडाशिक्षकांनी फीत मागे नेऊन तेवढाच भाग पुन्हा लावला आणि पोरांना म्हणाले, "आता तिच्याकडे नाही, त्याच्या हातांकडे बघा."